नाव मोठे की काम मोठे?

दहावी-बारावीचा निकाल लागला की आपल्या वऱ्हाडात घरोघरी दोन प्रश्न निघतात. कोणत्या शाखेला जायचे आणि कोणत्या गावी राहायचे? अलीकडे त्यांत तिसऱ्या प्रश्नाची भर पडली आहे. लॅपटॉप कोणता घ्यायचा? अब्बा म्हणतात, "अभ्यासापुरता असला म्हणजे झाले." भाईजान म्हणतात, "थोडे खेळही चालले पाहिजेत." अम्मी काहीच बोलत नाहीत. त्या डब्यातले पैसे पुन्हा एकदा मोजतात. शेवटी सारे मिळून बाजारात जातात आणि दुकानदार जे पुढे करील ते घेऊन घरी येतात.

विद्यार्थी मित्रांनो, मला या शेवटच्या गोष्टीविषयी बोलायचे आहे. लॅपटॉपचा प्रोसेसर कोणता आहे, हे तुम्ही स्वतः वाचून समजून घेतल्याशिवाय पैसे देऊ नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. आणि दुसरे असे, की मोठ्या नावाचा प्रोसेसर आपल्यासाठी चांगला असतोच असे नाही. किंमत, हिशेब, फायदा, नुकसान हे शब्द तुमच्या उर्दूत आणि आपल्या मराठीत जवळजवळ सारखेच आहेत. तेव्हा चला, हा हिशेब आपण मिळून करू.

आधी एक घडलेली गोष्ट सांगतो. मूर्तिजापूरचे एक शिंपीकाका माझ्या ओळखीचे आहेत. त्यांच्या मुलीला अमरावतीच्या एका तंत्रनिकेतनात संगणकाच्या शाखेत प्रवेश मिळाला. ती रोज सकाळी गाडीने बडनेऱ्यापर्यंत जाई आणि तेथून अमरावतीला. काकांनी दोन वर्षे शिलाईचे पैसे बाजूला टाकून अठ्ठावीस हजार रुपये जमवले होते. त्यांत त्यांनी एक जुना लॅपटॉप घेतला. मला तो दाखवताना त्यांचा चेहरा फुलला होता. ते म्हणाले, "सर, दुकानदार म्हणे, हा सात नंबरचा हाय. याच्यावर कोनताच नाही. पोरीचा अभ्यास बी होईन अन् पोराचा खेळ बी."

पहिल्या महिन्यातच तो लॅपटॉप कुरकुर करू लागला. प्रोग्राम लिहिण्याचे सॉफ्टवेअर उघडायला पाच पाच मिनिटे लागत. उन्हाळ्यात तर तो तव्यासारखा तापे आणि बंद पडे. मुलगी कॉलेजच्या प्रयोगशाळेत बसून काम करी, पण संध्याकाळची गाडी चुकू नये म्हणून तिला अर्ध्यातूनच उठावे लागे. धाकटा भाऊ म्हणे, ताईने लॅपटॉप बिघडवला. ताई म्हणे, याच्या खेळाने बिघडला. खरे म्हणजे दोघांचाही दोष नव्हता. तो प्रोसेसर होता सात नंबरचाच, पण बऱ्याच वर्षांपूर्वीचा. त्याच्या पाठीवर जो लांब क्रमांक होता, तो कोणी वाचलाच नव्हता.

नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा, अशी म्हण तुम्ही शिकला आहात. तिचा अर्थ त्या दिवशी मला नव्याने कळला.

आता हा प्रोसेसर म्हणजे काय ते पाहू. लॅपटॉपमध्ये होणारी प्रत्येक बेरीज, प्रत्येक हुकूम, पडद्यावर उमटणारे प्रत्येक अक्षर या एका लहानशा चकतीतून जाते. १९७१ मध्ये इंटेल या अमेरिकन कंपनीने ४००४ नावाचा प्रोसेसर बाजारात आणला. त्यात सुमारे २,३०० ट्रान्झिस्टर होते. १९९३ मध्ये पेंटियम आला. त्यात सुमारे ३१ लाख होते. आजच्या लॅपटॉपच्या प्रोसेसरमध्ये ते अब्जावधी असतात. म्हणजे आजचा साधा प्रोसेसरही कालच्या बड्या प्रोसेसरपेक्षा बलवान असू शकतो. ही एक गोष्ट मनात पक्की धरली, तरी अर्धी फसवणूक टळते.

उदाहरण घ्या. इंटेलचा आय-७ ७५००यू हा प्रोसेसर २०१६ मध्ये आला. त्यात दोन कोअर आहेत. कोअर म्हणजे काम करणारा हात समजा. पुढच्याच वर्षी, २०१७ मध्ये, आय-५ ८२५०यू आला. नाव पाचाचे, पण कोअर चार! शिवाय विंडोज ११ साठी इंटेलच्या प्रोसेसरांची जी अधिकृत यादी आहे, ती साधारणपणे आठव्या पिढीपासून सुरू होते. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. म्हणजे या दोघांत पाच नंबरचाच पुढे निघाला. पिढी ओळखायची कशी? या क्रमांकांत ७५०० मधला ७ आणि ८२५० मधला ८ हीच त्यांची पिढी. १२१५यू किंवा १२३५यू असा क्रमांक असेल, तर पहिले दोन आकडे मिळून बारावी पिढी. अगदी अलीकडे कंपनीने नावे पुन्हा बदलली आहेत, म्हणून प्रोसेसर कोणत्या वर्षी आला, हे दुकानदाराला सरळ विचारावे.

दुसऱ्या कंपनीचेही तसेच आहे. एएमडीचे रायझन ५ ७५२०यू आणि रायझन ५ ७५३०यू हे दोन प्रोसेसर पाहा. दोन्ही रायझन ५, दोन्ही सात हजारांच्या घरातले. फरक फक्त तिसऱ्या आकड्याचा. पण पहिल्यात चार कोअर आहेत आणि दुसऱ्यात सहा. पहिल्याची रचनाही एक पिढी जुनी आहे. एका आकड्यात एवढे अंतर! परीक्षेत दशांशचिन्ह चुकले तर गुण जातात. येथे आकडा चुकला तर बापाची कमाई जाते.

इंटेल चांगला की एएमडी चांगला, यावर मुले तासन्‌तास भांडतात. मला हे भांडण फोल वाटते. पुण्यात जन्मलेले अभियंते विनोद धाम यांनी इंटेलमध्ये पेंटियमच्या निर्मितीत मोठा वाटा उचलला. पुढे तेच एएमडीच्या के-६ या प्रोसेसरच्या कामातही होते. ज्याने घडवले त्याने दोन्ही घरी काम केले, मग आपण एकाच घराचा झेंडा कशाला धरावा? त्या वर्षी, त्या किमतीत, आपल्या कामाला जो बरा तो आपला.

आपल्या कामाला, हे दोन शब्द मी मुद्दाम वापरले. आपल्या शेतकऱ्याकडून ही गोष्ट शिकण्यासारखी आहे. कपाशीचे बी घेताना तो आधी जमीन पाहतो. भारी काळी जमीन असेल तर एक वाण, हलकी बरड असेल तर दुसरे. शेजाऱ्याच्या शेतात पीक डोलते आहे म्हणून तो तेच बी आपल्या बरड जमिनीत टाकत नाही. तुमची जमीन म्हणजे तुमचा अभ्यास. तो आधी कागदावर लिहा.

नोट्स लिहिणे, व्याख्याने पाहणे, हिशेबाचे तक्ते करणे, थोडे प्रोग्राम लिहिणे, एवढाच बहुतेकांचा अभ्यास असतो. उर्दूत टंकलेखन करायचे असेल तरी बलाढ्य यंत्र लागत नाही. उर्दू छपाईचे इनपेज हे सॉफ्टवेअर १९९४ मध्ये आले आणि त्या काळच्या संगणकांवरही नस्तालीक अक्षर उमटू लागले. आजचा कोणताही बरा प्रोसेसर ही कामे सहज करतो. मात्र कोणी वास्तुशास्त्राला जाणार असेल, यंत्रांची त्रिमिती चित्रे काढणार असेल किंवा चित्रफितींचे संपादन शिकणार असेल, तर त्याची गोष्ट वेगळी. त्याला मोठा प्रोसेसर आणि वेगळे ग्राफिक्स कार्ड लागेल. त्याची जमीनच भारी आहे.

आता कोअरचा विचार करू. कापूस वेचायला एक चपळ बाई लावली आणि चार साधारण बाया लावल्या, तर चौघी लवकर शेत उरकतात. पण एकच तास वेचायचे असेल, तर चौघी तेथे काय करणार? तेव्हा चपळ बाईच बरी. संगणकाचेही असेच असते. काही कामे वाटून करता येतात, काही येत नाहीत. म्हणून कोअर किती आणि प्रत्येक कोअर किती नवा, या दोन्ही गोष्टी पाहाव्या लागतात. माझ्या मते विद्यार्थ्याला चारपेक्षा कमी कोअरचा प्रोसेसर घेऊच नये. सहा असले तर उत्तम.

यापुढची गोष्ट जाहिरातीत सहसा लिहिलेली नसते, पण अकोल्याच्या माणसाला ती कळायलाच हवी. ती म्हणजे उष्णता. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. अनेक लॅपटॉपांच्या माहितीपुस्तिकेत मात्र वापरण्याचे कमाल तापमान ३५ अंश दिलेले असते. प्रोसेसर फार तापला की तो स्वतःला वाचवण्यासाठी आपला वेग कमी करतो. पेटीवर लिहिलेले ४ किंवा ५ गिगाहर्ट्झ हे थोड्या वेळाच्या धावण्याचे आकडे असतात. भर दुपारी टिनाच्या छपराखाली ते टिकत नाहीत. दुपारच्या उन्हात घोडाही रोडावतो, तेथे यंत्राची काय कथा?

म्हणून प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी असलेले अक्षर वाचा. 'यू' असेल, तर तो साधारण १५ वॅटच्या घरातला असतो. 'एच' असेल, तर साधारण ४५ वॅटच्या. एच अधिक जोर लावतो, पण अधिक तापतो आणि बॅटरीही लवकर संपवतो. त्याचा लॅपटॉप जड आणि चार्जरही जड. खेड्यात वीज गेली, की यू वाल्याचा अभ्यास पुढे चालू राहतो आणि एच वाला कंदील शोधतो. मूर्तिजापूरच्या मुलीसारखे जे रोज गाडीने ये-जा करतात, त्यांच्या खांद्यालाही हा फरक जाणवतो. म्हणून आपल्या भागातल्या बहुतेक विद्यार्थ्यांनी यू वर्गातला प्रोसेसर घ्यावा, असे मला वाटते.

आणि खेळांचे काय? तुम्ही म्हणाल, सर खेळांवर रागावलेले दिसतात. मुळीच नाही. अभ्यास झाल्यावर तासभर खेळले तर मन ताजे होते. बुद्धिबळ, क्रिकेट ०७, व्हाइस सिटी, माइनक्राफ्ट हे खेळ खेळायला वेगळे ग्राफिक्स कार्ड लागत नाही. प्रोसेसरच्या आतच असलेले ग्राफिक्स त्यांना पुरते. मात्र हे आतले ग्राफिक्स रॅममधून आपला वाटा घेते. रॅम आठ जीबी असेल, तर त्यातलीच काही खेळाच्या चित्रांना जाते. दोन सारख्या पट्ट्यांची रॅम असेल, तर त्याच प्रोसेसरवर खेळ अधिक सुरळीत चालतो, कारण माहिती दोन वाटांनी येते. म्हणून मी म्हणतो, प्रोसेसरच्या नावात एक पायरी खाली उतरा आणि वाचलेल्या पैशांत रॅम आठाची सोळा करा. साठवणीसाठी एसएसडी घ्या. रॅम नंतर वाढवता येते की पक्की जोडलेली आहे, हे आधी विचारा. अभ्यास आणि खेळ दोघांचेही यात भले आहे.

माझ्या मताशी सगळेच सहमत होतील असे नाही. काही जण म्हणतात, "घ्यायचा एकदाच, तर सगळ्यात मोठाच घ्यावा. दहा वर्षे पाहायला नको." या म्हणण्यात थोडे तथ्य आहे. फार हलका प्रोसेसर घेतला, तर दोन वर्षांत पश्चात्ताप होतो. २०२३ मध्ये आलेला इंटेलचा एन१०० हा चार कोअरचा, सहा वॅटचा लहान प्रोसेसर लिहिण्या-वाचण्याला छान आहे, पण तीन वर्षे संगणकशास्त्र शिकणाऱ्याने त्यावर अवलंबून राहू नये. तरीही सगळ्यात मोठा घेणे हा उपाय नव्हे. लॅपटॉप म्हातारा होतो तो नेहमी प्रोसेसरमुळेच नाही. बॅटरी दमते, पंख्यात धूळ बसते, बिजागरी तुटते, पडदा जातो. त्या दिवशी आतला महागडा प्रोसेसर आपली बिजागरी दुरुस्त करून देत नाही.

दुसरे काही वडीलधारे म्हणतात, "मोबाइल आहे ना, मग लॅपटॉप कशाला? मुले खेळतच बसतील." त्यांची काळजी खोटी नाही. पण मोबाइलवर प्रकल्प लिहिता येत नाही आणि प्रोग्राम शिकणे कठीण जाते. मुलीला लॅपटॉप न देता भावाला दिला जातो, हेही मी काही घरांत पाहिले आहे. ज्याचा अभ्यास अधिक, त्याचा लॅपटॉपवरचा हक्क अधिक. खेळाची पाळी नंतर. एवढा नियम घरात ठरला, तर एका यंत्रावर दोघे सुखाने नांदतात.

आता तुम्हाला आपल्याच मातीतले एक उदाहरण सांगतो. मूर्तिजापूर तालुक्यात मुरंबा नावाचे गाव आहे. नाव ऐकून तुमच्या तोंडाला पाणी सुटले असेल! या गावात १९४६ मध्ये विजय भटकर यांचा जन्म झाला. पुढे ते मोठे संगणकशास्त्रज्ञ झाले. १९८० च्या दशकात आपल्या देशाला महासंगणक हवा होता, परंतु अमेरिकेकडून हवा तसा मिळेना. तेव्हा १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक ही संस्था स्थापन झाली आणि महासंगणक तयार करण्याच्या कामाचे नेतृत्व भटकरांकडे आले. १९९१ मध्ये परम ८००० हा भारतीय महासंगणक उभा राहिला.

तो कसा उभा राहिला, हे आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. जगातला सर्वांत बलवान एकच प्रोसेसर त्यांनी शोधला नाही. बाजारात मिळणारे ट्रान्स्प्यूटर नावाचे छोटे प्रोसेसर घेतले. इंग्लंडमधील इनमॉस कंपनी ते तयार करी. असे अनेक प्रोसेसर एकत्र जोडून त्यांच्यात काम वाटून दिले. काम काय आहे, हाती काय आहे आणि दोहोंचा मेळ कसा घालायचा, याचा त्यांनी विचार केला. देशापुढचा प्रश्न आणि शिंपीकाकांपुढचा प्रश्न आकाराने लहान-मोठे असतील, पण विचार करण्याची रीत तीच.

शेवटी त्या मुलीचे काय झाले? आम्ही तिचा लॅपटॉप उघडला. पंख्यातली धूळ काढली. जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली आणि रॅम वाढवली. त्यावर विनामूल्य मिळणारी लिनक्स प्रणाली घातली. तो नवा झाला नाही, पण चालू लागला. आता ती घरी बसून प्रोग्राम लिहिते आणि भाऊ रात्री अर्धा तास बुद्धिबळ खेळतो. काकांचे अठ्ठावीस हजार मात्र पूर्ण वसूल झाले नाहीत. ते मला म्हणाले, "सर, त्या दिवशी पोरीले दुकानात संग नेलं असतं, तर तिनं वाचलं असतं."

मित्रांनो, काकांचे हे वाक्य मी विसरू शकत नाही. ज्याच्यासाठी वस्तू घ्यायची, त्यालाच आपण पुष्कळदा विचारत नाही. आणि तुम्हीही शिकलेले असून दुकानात गप्प उभे राहता. असे करू नका. जुना लॅपटॉप असेल तर तो सुरू करायला सांगा. विंडोज असेल, तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकदम दाबा. जी खिडकी उघडेल, तिच्यात प्रोसेसरचे पूर्ण नाव, कोअर आणि रॅम सारे दिसते. ते वहीत लिहून घ्या. लगेच पैसे देऊ नका. घरी या, माहिती पाहा, दोन जाणत्यांना विचारा आणि मगच निर्णय घ्या. असे विचारण्यात लाज कसली? घामाच्या पैशाचा हिशेब मागणे हा अपमान नाही. उलट ज्याने तो पैसा कमावला, त्याचा तो मान आहे.

शब्दार्थ

तंत्रनिकेतन – तांत्रिक शिक्षण देणारी संस्था
कथील – एक स्वस्त धातू
बरड – हलकी, खडकाळ (जमीन)
वाण – बियाण्याचा प्रकार
तास – (येथे) शेतातील पिकाची ओळ
फोल – निरुपयोगी, व्यर्थ
तथ्य – खरेपणा

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) शिंपीकाकांनी पैसे कसे जमवले होते?
(आ) विजय भटकर यांचा जन्म कोणत्या गावी झाला?
(इ) परम ८००० कोणत्या वर्षी उभा राहिला?

२. कारणे लिहा.
(अ) आय-७ ७५००यू पेक्षा आय-५ ८२५०यू पुढे निघाला, असे लेखक म्हणतात.
(आ) वऱ्हाडातील बहुतेक विद्यार्थ्यांनी यू वर्गातला प्रोसेसर घ्यावा, असे लेखकांना वाटते.

३. 'घ्यायचा एकदाच, तर सगळ्यात मोठाच घ्यावा' या मताविषयी तुम्हाला काय वाटते? आठ ते दहा ओळींत लिहा.

४. पाठातील असे पाच शब्द शोधा, जे उर्दूतही वापरले जातात. ते वाक्यांत वापरा.